गाण्यांच्या लायसन्सची नोटीस आली : पैसे द्यायचे का, आणि नेमके कोणाला?

प्रश्न विचारणाऱ्यांचं नाशिकजवळ रेस्टॉरंट आहे, तिथे रोज गाणी लागतात. मागे लॉन आहे, तिथे लग्नं, वाढदिवस आणि थर्टी फर्स्टची पार्टी होते. एका कंपनीच्या वकिलाची नोटीस आली आहे: तुमच्याकडे आमच्या मालकीची गाणी विनापरवाना वाजतात, पंधरा दिवसांत मागच्या तीन वर्षांचं शुल्क भरा, नाहीतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली अजामीनपात्र गुन्हा. गेल्या वर्षी दुसऱ्याच एका संस्थेला त्यांनी पैसे दिले होते. त्यांचं म्हणणं असं : "स्पॉटिफायचे पैसे भरतो, डीजेवाला त्याचे घेतो, मग हे कशाचे? आणि दिल्ली हायकोर्टाने या कंपन्यांना वसुली करता येत नाही असं सांगितलंय ना?"

मी मुंबईत वकिली करते. हॉटेलवाल्यांची आणि लॉनवाल्यांची बाजू मांडली आहे, तशीच गीतकार-संगीतकारांचीही. त्यामुळे "फाडून टाका ती नोटीस" असं मी म्हणणार नाही आणि "भरून टाका, कटकट नको" असंही म्हणणार नाही.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. गाणं वाजवायला परवानगी लागते का? लागत असेल तर ती द्यायचा अधिकार मागणाऱ्याकडे आहे का? आणि अधिकार असला, तरी वसुलीसाठी तो काय काय करू शकतो? गेल्या काही वर्षांत कोर्टात जी भांडणं गाजली, ती जवळजवळ सगळी दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नावरची आहेत. व्हॉट्सअॅपवर त्यातलं एखादं वाक्य फिरतं आणि लोकांना वाटतं, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. तिथेच घात होतो.

पहिला प्रश्न लवकर संपवते. रेस्टॉरंटमध्ये गिऱ्हाइकांसाठी गाणी लावणं म्हणजे कायद्याच्या भाषेत ती जनतेपर्यंत पोचवणं, आणि त्याला परवानगी लागते. स्पॉटिफायचं वर्गणीदार होताना ज्या अटींना आपण न वाचता 'मान्य' म्हणतो, त्यात वापर वैयक्तिक आणि बिगर-व्यावसायिक असेल असं लिहिलेलं असतं. डीजेवाल्याची बिदागी ही त्याच्या कामाची. त्याच्याकडे लायसन्स असेल तर प्रत मागून ठेवा, पण बहुतेकांकडे नसतं. "गाणी डीजेने लावली, मी फक्त जागा दिली" हा बचावही कच्चा आहे. कलम ५१ मध्ये नफ्यासाठी जागा वापरू देणाराही येतो, अपवाद फक्त त्याचा ज्याला माहीत नव्हतं आणि संशय यायलाही कारण नव्हतं. नोटीस हातात पडल्यावर माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. नोटिसा डीजेला न जाता हॉलमालकाला येतात त्याचं कारण हेच. डीजे आज इथे तर उद्या तिथे, तुमची जागा कुठे जात नाही.

एका गाण्यात निदान तीन गोष्टी असतात : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस ही नोंदणीकृत संस्था आहे. ध्वनिमुद्रण सहसा म्युझिक कंपनीचं असतं आणि त्याचं लायसन्स पीपीएल, नोवेक्स, आरएमपीएल अशा वेगवेगळ्या कंपन्या-संस्थांकडून दिलं जातं. म्हणून गेल्या वर्षीची पावती आणि यंदाची नोटीस, दोन्ही खऱ्या असू शकतात. तुमच्या लॉनवर ऑर्केस्ट्रा आला आणि गायक-वादकांनी गाणी प्रत्यक्ष सादर केली, तर ध्वनिमुद्रणवाल्यांचा त्याच्याशी संबंध येत नाही. शब्द आणि चालवाल्यांचा येतो.

जुन्या गाण्यांबद्दल हमखास विचारलं जातं म्हणून एक उदाहरण. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो, शब्द आणि चालीचा मात्र गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, त्यांच्या चाली २०६२ पर्यंत. पन्नाशीच्या दशकातली तबकडी मोकळी झाली म्हणून त्यावरचं गाणंही मोकळं झालं, असं होत नाही.

आता लग्नं. तुमच्या लॉनचा मोठा धंदा तोच असणार, म्हणून इथे थांबून वाचा.

कलम ५२(१)(झेडए) सांगतं की खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणं वाजवलं तर तो कॉपीराइटचा भंग होत नाही, आणि पुढच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित इतर सामाजिक सोहळे यांचाही समावेश केला आहे. इतकं स्पष्ट असूनही भांडण आहे, कारण 'निगडित सोहळे' कुठे संपतात हे कायद्याने सांगितलेलं नाही. हळद बसते. संगीत? कॉकटेल पार्टी? आठ दिवसांनी दुसऱ्या गावात ठेवलेलं रिसेप्शन?

सरकारांनी हा घोळ परिपत्रकं काढून मिटवायचा प्रयत्न केला. कॉपीराइट कार्यालयाची ऑगस्ट २०१९ ची अशी एक जाहीर सूचना पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली. जुलै २०२३ मध्ये केंद्राने पुन्हा सूचना काढली की लग्नसमारंभातल्या गाण्यांसाठी शुल्क मागू नये. मग जानेवारी २०२४ मध्ये गोवा सरकारने आपलं परिपत्रक काढलं. गोव्यात बाहेरून येऊन लग्न करणारे इतके असतात की तिथल्या हॉटेलांना ते वरदान वाटलं. म्युझिक कंपन्या कोर्टात गेल्या आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. संसदेने दिलेला अपवाद कार्यकारी आदेशाने रुंद करता येत नाही, आणि हक्कदाराचे कायदेशीर उपाय परिपत्रकाने बोथट करता येत नाहीत, असं त्याचं सार.

हा निकाल वाचून काही हॉलमालक घाबरले की आता लग्नालाही लायसन्स लागणार. तसं नाही. परिपत्रक गेलं, कलम ५२ जागेवर आहे. माझ्या मते लग्नाचा विधी, वरात, हळद आणि त्याच जोडप्यासाठी त्याच दिवसांत होणारं संगीत यात तुमची बाजू भक्कम आहे, आणि मी ती न कचरता मांडते. पण ती पुराव्यावर उभी राहते. बुकिंगच्या फॉर्मवर कार्यक्रमाचं स्वरूप लिहून घ्या, लग्नपत्रिकेची प्रत फाइलला लावा. वाढदिवस, कंपनीचं स्नेहसंमेलन, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आणि थर्टी फर्स्ट या सवलतीत येत नाहीत. गणेशोत्सवाचंही तसंच आहे : मंडपातली आरती आणि तिकीट लावून ठेवलेला ऑर्केस्ट्रा एकाच मापाने मोजता येणार नाहीत.

दुसरा प्रश्न अधिकाराचा, आणि खरी लढाई इथे चालू आहे. कलम ३३ म्हणतं की लायसन्स देण्याचा व्यवसाय फक्त नोंदणीकृत कॉपीराइट संस्थेनेच करावा. कलम ३० म्हणतं की मालक स्वतः किंवा आपल्या प्रतिनिधीमार्फत लायसन्स देऊ शकतो. मग एखाद्या कंपनीने अनेक लेबलांकडून, म्हणजे म्युझिक कंपन्यांकडून, हक्क लिहून घेतले आणि ती लाखो गाण्यांची लायसन्सं विकू लागली, तर ती मालक की नोंदणी चुकवून संस्थेचा धंदा करणारी? संस्था असेल तर तिला दरपत्रक जाहीर करावं लागतं, सदस्यांना हिशेब द्यावा लागतो. मालक असेल तर ती मागेल तो भाव. तुमच्यासारख्यांच्या खिशाला या फरकाची झळ थेट बसते.

डिसेंबर २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने नोवेक्सच्या प्रकरणात सांगितलं की नोंदणीशिवाय हा व्यवसाय करता येणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने ट्रेड विंग्ज हॉटेल्स प्रकरणात उलट निकाल दिला : हक्क लिहून घेतलेले पीपीएल आणि नोवेक्स हे कलम ३० खाली मालक आहेत, त्यांना नोंदणी लागत नाही. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पीपीएल आणि अझ्युर हॉस्पिटॅलिटी ही रेस्टॉरंट कंपनी यांच्यातल्या प्रकरणात पुन्हा मद्रासच्या दिशेने मत दिलं. तुम्ही ऐकलंय ते हेच. पण त्याच आदेशात रेस्टॉरंटला फुकट गाणी वाजवायची मुभा नव्हती, आरएमपीएल या नोंदणीकृत संस्थेच्या दराने पैसे द्या असं त्यात होतं. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्देशाला स्थगिती दिली आणि त्यामुळे दिल्लीच्याच एकलपीठाने त्याआधी दिलेला पीपीएलच्या बाजूचा मनाई हुकूमही जिवंत होणार नाही, हेही सांगून ठेवलं.

तुम्ही नाशिकला आहात. तुमच्या जिल्हा न्यायालयावर मुंबईचा निकाल बंधनकारक आहे. दिल्लीचा निकाल इथे युक्तिवाद म्हणून वापरता येतो, ढाल म्हणून नाही. सर्वोच्च न्यायालय शेवटी काय ठरवेल त्यावर सगळं बदलू शकतं, म्हणून उत्तर देण्याच्या दिवशी या प्रकरणाची ताजी स्थिती तुमच्या वकिलाकडून तपासून घ्या.

मुंबईचा निकाल कंपन्यांच्या बाजूचा असला, तरी त्यातूनच तुमच्या हातात काहीतरी येतं. त्यांचा अधिकार मालकीवर उभा आहे. मग मालकी दाखवा. २०१४ मध्ये लिओपोल्ड कॅफेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने प्रतिनिधी म्हणून काम करणाऱ्याने आपण कोणासाठी लायसन्स देतोय हे उघड केलं पाहिजे असं सांगितलं होतं. 'आमच्याकडे लाखो गाणी आहेत, यादी वेबसाइटवर पाहा' एवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. मी असे करार मागवते तेव्हा तीन जागी आधी बघते. करारात सार्वजनिक वादनाचा हक्क दिलाय की फक्त रेडिओ-टीव्हीचा? मुदत कोणत्या तारखेपर्यंत? आणि ज्या गाण्यांचा भंग झाला म्हणतात ती परिशिष्टात आहेत का? एका प्रकरणात कराराची मुदत कार्यक्रमाच्या तारखेआधीच संपलेली होती आणि नूतनीकरणाचा कागद कोणाकडेच नव्हता. नोटीस पाठवणाऱ्याने ती मागणी तिथल्या तिथे सोडून दिली.

तिसरा प्रश्न पोलिसांचा, ज्याने तुमची झोप उडाली आहे. कलम ६३ ची शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी आहे. हा गुन्हा दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा) की अदखलपात्र यावर उच्च न्यायालयांची मतं वेगळी होती. मे २०२२ मध्ये निट प्रो इंटरनॅशनल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. म्हणजे नोटिशीतलं ते वाक्य खोटं नाही.

हा निकाल कायदा आहे, मी तो मानते. पण त्याच्या परिणामांबद्दल मला मनापासून चिंता वाटते. एखाद्या गाण्याचा हक्क कोणाकडे आहे हे ठरवताना उच्च न्यायालयांची मतं जुळत नाहीत, आणि तोच प्रश्न लग्नाच्या नाहीतर थर्टी फर्स्टच्या रात्री अकरा वाजता एका फौजदाराने लॉनच्या गेटवर उभं राहून सोडवावा अशी अपेक्षा ठेवली जाते. पाहुणे जेवायला बसलेले, मालक हात जोडतोय, आणि रकमेचा आकडा तिथेच ठरतो. दिवाणी वादातली तडजोड अशा धाकाखाली व्हायला नको.

त्या धाकाला कायद्यातच काही आवर आहेत. कलम ६३ ला 'जाणूनबुजून' केलेला भंग लागतो. ज्याने लेखी उत्तर देऊन कागद मागितले आणि कागद मिळाले तर रीतसर लायसन्स घ्यायची तयारी दाखवली, त्याच्याबद्दल तसं म्हणणं सोपं जात नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं आहे. हजर राहण्याची नोटीस आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली येते. त्याच संहितेच्या कलम १७३(३) खाली अशा गुन्ह्यात पोलिसांना उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, आणि मालकीच्या वादाची कागदपत्रं ठेवायची योग्य जागा ती चौकशी. जप्तीचं कलम ६४ हक्कभंग करणाऱ्या प्रती आणि त्या बनवण्याच्या साधनांबद्दल बोलतं. कोणी स्पीकर, मिक्सर उचलू लागलं तर भांडू नका, पण तुमची हरकत पंचनाम्यात लिहून घ्या आणि प्रत मागा.

धमकी पोकळ असेल तर उलट दावाही करता येतो. कलम ६० खाली निराधार धमक्यांविरुद्ध तुम्ही न्यायालयाकडून तसं जाहीर करून घेऊ शकता आणि मनाई हुकूम मागू शकता. मर्यादा एवढीच की समोरच्याने भंगाचा दावा वेळेत दाखल करून नेटाने चालवला तर हे हत्यार निकामी होतं. तुमच्या बाबतीत मी ते लगेच उपसणार नाही. रेस्टॉरंटमध्ये रोज गाणी लागतात हे तुम्हीच लिहिलंय, धमकी पूर्णपणे निराधार आहे असं न्यायाधीशांना पटवणं अवघड जाईल. फक्त लग्नांचा हॉल असता तर मी वेगळा सल्ला दिला असता.

कोर्टाकडून येणारा धोका बहुधा डिसेंबरात असतो. नववर्षाच्या पार्ट्यांआधी मुंबई उच्च न्यायालयात अशा दाव्यांची रीघ लागते आणि दुसरी बाजू न ऐकता अंतरिम मनाई मिळू शकते. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८ए खाली मुंबईत आणि नाशिकमध्ये कॅव्हेट, म्हणजे 'मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' असा अर्ज, दाखल करा. खर्च थोडा येतो आणि ती नव्वद दिवस चालते, म्हणून नोव्हेंबरात केलेली थर्टी फर्स्ट ओलांडून जाते. दिल्लीत दावा लागण्याची भीती फार धरू नका. २०१५ मध्ये आयपीआरएस विरुद्ध संजय दालिया प्रकरणात, वादीने सोयीची दूरची जागा निवडून प्रतिवादीला तिथे खेचू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं आहे. तिथेही प्रतिवादी महाराष्ट्रातले चित्रपटगृहमालक होते.

इथवर कोणाला वाटेल की मी पैसे न देण्याच्या युक्त्या सांगतेय. माझी तळमळ उलटी आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीतला असा वाटा दिला जो वारसांना किंवा त्यांच्या संस्थेला सोडून कोणालाही लिहून देता येत नाही. त्याआधी एकरकमी बिदागी घेऊन सगळे हक्क सोडावे लागत, आणि गाणं चाळीस वर्षं वाजलं तरी घरी दमडी येत नसे. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिओ वाहिन्यांनाही हा वाटा द्यावा लागेल असं ठरवलं. तो पैसा तुमच्या-माझ्या रेस्टॉरंटांतून, लॉनमधूनच यायचा आहे. पण तो योग्य हातात जायचा असेल तर पावती कोणाची, हक्क कोणाचा हे आपण विचारलंच पाहिजे. न विचारता भरलेले पैसे गीतकाराच्या घरापर्यंत पोचतातच असं नाही.

म्हणून तुमच्या जागी मी असं करेन. गेल्या वर्षीची पावती काढून त्यावर संस्थेचं नाव, कालावधी आणि कोणता हक्क लिहिलाय ते बघा. आयपीआरएसची असेल तर शब्द आणि चालीची बाजू त्या काळापुरती सुटली. मग नोटिशीला उत्तर : आम्ही हक्काचा आदर करतो, मागणी कोणत्या तारखांची, कोणत्या गाण्यांची ते कळवा, त्या गाण्यांचे मुदतीसह करार पाठवा, तुम्ही कलम ३३ खाली नोंदणीकृत संस्था म्हणून मागता की कलम ३० खाली मालक म्हणून, ते लिहा, दरपत्रक आणि ते कशावरून ठरलं ते द्या, लग्नसमारंभ कलम ५२ मध्ये येतात, ते वगळा. 'आम्ही गाणी वाजवतच नाही' असं कुठेही लिहू नका. त्यांचे लोक गिऱ्हाईक बनून येऊन व्हिडिओ काढून गेलेले असतात.

मागच्या तीन वर्षांची ठोक रक्कम लगेच मान्य करू नका. भरपाई मागायची तर प्रत्येक प्रसंग त्यांनी सिद्ध करायचा आहे. पुढच्या वर्षाचं रीतसर लायसन्स घेण्याच्या बोलण्यात मागची रक्कम पुष्कळ खाली येते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. नोंदणीकृत संस्थेचा दर अवाजवी वाटला तर कलम ३३ए खाली व्यावसायिक न्यायालयात दाद मागता येते. तुमच्यासारख्या एकट्याला ते परवडणार नाही, पण नाशिकच्या हॉटेल आणि लॉनमालकांनी मिळून केलं तर परवडेल.

नोटीस कोणत्या तारखेला मिळाली ते तुम्ही लिहिलेलं नाही. पंधरा दिवस संपायच्या आत उत्तर गेलं पाहिजे, स्पीड पोस्टानेही आणि ईमेलनेही, आणि पोच सांभाळून ठेवा. करार मिळाले की परिशिष्टाची पानं तुमच्या वकिलाला दाखवा. दरम्यान येत्या शनिवार-रविवारी रेस्टॉरंटमध्ये काय लावायचं हा प्रश्न असेल, तर ज्याच्या व्यावसायिक वापराची परवानगी तुमच्या हातात लेखी आहे तेवढंच लावा.